वायव्येच्या खिडक्या

घर बांधायच्या आधी मी वर्षभर भद्रावतीजवळच्या आमच्या प्लॉटवर बांबूला चिंधी बांधून वारा बघत होतो. कूलर न लावता उन्हाळा निघेल असं घर मला हवं होतं. वारा वायव्येचा निघाला, म्हणून मोठ्या खिडक्या त्याच अंगाला ठेवल्या. पहिल्या उन्हाळ्यात आई भर दुपारी नुसत्या पंख्यावर झोपली आणि मी गावभर शहाणपणा सांगत फिरलो.

पुढच्या वर्षी त्याच अंगाला कोळशाची खाण सुरू झाली. आईच्या खोकल्यात काळं येऊ लागलं.

"खिडक्या लाव रे, मले दम लागून राह्यला," ती म्हणाली.

मी खिळे ठोकून त्या बंद केल्या. आता दिवसभर एसी चालतो आणि आई खाटेवर पडून असते.

वाऱ्याचा माझा अंदाज मात्र तंतोतंत खरा निघाला.