कोठीचा उंबरा

कोल्हापूरकराने पन्हाळ्यावर मुक्काम करायचा नसतो. वर जायचं, झुणका-भाकरी खायची, तटावर उभं राहून वारा अंगावर घ्यायचा आणि दिवे लागायच्या आत घरी परतायचं. मुक्काम करावा तो पुण्या-मुंबईकडच्यांनी. त्यामुळे आम्ही नवराबायकोने दोन दिवसांसाठी गडावर खोली घेतली, तेव्हा शेजाऱ्यांनी काळजीने विचारलं, "घरात काय झालंय का?"

झालं होतं ते एवढंच, की बायकोचा गुडघा बदलला होता. डॉक्टर म्हणाले, सांधा उत्तम बसलाय, जरा हवापालट करा. सांधा नवा होता, भीती मात्र जुनीच राहिली होती. सपाटीवर ती काठी टेकत चालायची. पायरी आली, उंबरा आला, की माझा खांदा धरून थांबायची आणि पुष्कळदा मागे फिरायची.

त्यात आमच्या मुलीला सहावा महिना लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी, यात आमच्याकडे चर्चेला जागा नसते. पण निघायच्या आदल्या दिवशी मुलीचा फोन आला. "आई, तू ओढाताण करू नकोस. सासूबाई म्हणतायत, आम्हीच करतो." बायको फक्त "बघू" म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिच्या तोंडून हा शब्द मी क्वचितच ऐकलाय.

गडावरच्या बागेबद्दल माझं मत आधीपासून तयार होतं. राज्यं गेली की किल्ल्यात बागा होतात. झुडपं कातरून त्यांचे हत्ती करतात, मधे एक कारंजं असतं, आणि ते सहसा पाहुणे येणार असतील तेव्हाच उडतं. शेजारी एक गृहस्थ पर्यटकांना इतिहास सांगत होते. श्रोते वाढतील तसा त्यांच्या तोफेचा पल्ला वाढत होता. हे सगळं मी बायकोला खालच्या आवाजात ऐकवत होतो.

"तुम्ही जरा गप बसा," ती म्हणाली. "मला बघू दे की."

मग मीही बघितलं. हिरवळ जिथे संपते तिथे तटाचा काळा दगड लागतो, आणि त्यापुढे काहीच नाही. नुसतं धुकं. ते हळूहळू खाली बसत गेलं आणि त्यातून आधी टेकड्यांचे माथे, मग उसाची शेतं, मग नदीचं एक वळण वर आलं. हा मुलूख मी जन्मापासून बघतो आहे. पण तो असा, कुणीतरी आत्ताच मांडून ठेवल्यासारखा, मला कधी दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धान्याच्या कोठीपाशी गेलो. किल्ल्यांत मला सिंहासनं, दरबार यांचं फारसं कौतुक वाटत नाही. पण ही कोठी बघून मान आपोआप वर जाते. डोंगराएवढ्या भिंती, वर कमानींचं छत, आणि छताला ठेवलेली भोकं. धान्य वरून ओतायचं. एवढा दगड रचला तो कुणाला मिरवायला नाही. वेढा पडला तर माणसांनी जेवावं म्हणून.

दारात दगडी उंबरा होता, चांगला दीड वीत उंच. बायको त्याच्यासमोर थांबली. बाहेर पाटी घेऊन बसलेली भाकरीवाली बाई म्हणाली, "जावा की आत, पावणं. लई गार हाय."

मी हात पुढे केला. "एक पाय उंबऱ्यावर ठेव, मग दुसरा आत टाक. सोपं आहे."

"उंबऱ्यावर पाय?" बायकोने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यावर थुंकलोय. "कोठीचा उंबरा हाय हा. धान्याचा."

"अगं, शेकडो वर्षांत आत दाणा नाही. वटवाघळं आहेत."

"म्हणून काय झालं?"

"खरं हाय बाईंचं," भाकरीवाली मला म्हणाली. "शिकल्याली माणसं, आन् उंबऱ्यावर पाय द्या म्हणतासा?"

बायकोला वाकता येईना, म्हणून तिने चौकटीच्या दगडाला हात लावून तो कपाळाला लावला. काठी माझ्याकडे दिली. मग भिंतीचा आधार घेऊन तिने तो नवा पाय उचलला. वर, आणखी थोडा वर. दगडाला जराही न शिवता तो पलीकडे टेकला, आणि त्यामागे दुसरा.

मी आत गेलो तेव्हा ती छतातून पडणाऱ्या उजेडाच्या झोतात उभी होती. उजेडात धूळ तरंगत होती, अजून वरून कुणी धान्य ओतत असल्यासारखी. मी मान वर करून बघत राहिलो, किती वेळ ते कळलं नाही.

"हितं रेंज न्हाय," एवढं ती म्हणाल्याचं मी ऐकलं. मागे पाहिलं तर ती बाहेर गेलेलीसुद्धा. काठी माझ्याच हातात होती. त्या भिंतींनी तिचा फोनवरचा आवाज घुमवून माझ्यापर्यंत आणला:

"आठवा लागायच्या आत इकडं ये. डिंक मी आजच आणायला सांगते. आणि सासूबाईंना म्हणावं, तुम्ही बारशाला या."