पाठमोरी

पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहिला त्या सुमारास मी दुकानांच्या पाट्या रंगवत होतो. मुंबईहून चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन आलेला माणूस ‘येथे सायकली भाड्याने मिळतील’ असं लिहितो, याचं कॅम्पातल्या दुकानदारांना भारी कौतुक. त्या कौतुकात पाटीवर सायकलचं चित्रही फुकट काढून घेत. मला राग यायचा, पण रागावर पोट भरत नाही. मला भिंत हवी होती. येणाऱ्या-जाणाऱ्यानं थांबून बघावी अशी एक भिंत, बस्स.

ती कामगारांच्या नव्या वसाहतीत निघाली. समाजमंदिराच्या दर्शनी भिंतीवर चित्र काढायचं होतं आणि त्यासाठी व्यावसायिक चित्रकारांकडून अर्ज मागवले होते. चित्र रहिवाशांना विचारून ठरवायचं आणि नमुन्याची एक आकृती भिंतीवरच काढून दाखवायची, अशी अट होती. मी अर्ज केला आणि खोल्याखोल्यांतून हिंडू लागलो.

साताऱ्याकडची माणसं होती, बीडकडची होती, कोकणातली होती. कुणाला गावचा देव हवा होता, कुणाला बैलजोडी. एका मुसलमान फिटरला त्याच्या गावच्या ओढ्यावरचा पूल हवा होता. पण चहा पुढ्यात आला की बोलणं हटकून आईवर यायचं, आणि आईवरून पहाटेच्या जात्यावर. इथं पिठाची गिरणी होती, जातं कुणी आणलंच नव्हतं. तेव्हा जात्यावर बसलेली बाई काढायची ठरलं.

मी ती पाठमोरी काढली. विटकं लुगडं, मानेवर सैल झालेला अंबाडा, खुंट्याकडे झुकलेला खांदा. लोकांना म्हटलं, चेहरा काढला तर ती कुणा एकाची होईल, पाठ सगळ्यांची असते. ते त्यांना पटलं. रंग वाळल्यावर बीडची एक बाई येता-जाता त्या पाठीवरून हात फिरवू लागली. फिटर नुसता उभा राहून बघायचा.

मग अर्ज तपासणारी कारखान्याची कमिटी आली. साहेब सभ्य होते. हात चांगला आहे म्हणाले, पण वसाहतीकडे पाठ करून बसलेली बाई बरी दिसत नाही. तिला फिरवा, मागे कारखान्याचं धुराडं घाला, की भिंत तुमचीच समजा. रविवारपर्यंत मुदत दिली.

धुराड्याचं काय, तेही काढलं असतं. पण तिला फिरवायला कोळसा हातात घेतला आणि तो भिंतीवर टेकेना. पाठ सगळ्यांची वगैरे मी मागाहून जुळवलं होतं. माझी आई मी लहान असतानाच गेली. ती दळायला बसे तेव्हा मी मागे वाकळेत पडलेला असे, त्यामुळे मला तिची पाठच तेवढी आठवते. फोटो नाही. चेहरा आठवू गेलं की मावशीचा येतो. आयुष्यभर मनातल्या मनात हाका मारतो आहे, ती वळत नाही.

पाटीवर मी कुणाचंही तोंड कुणालाही लावलं असतं. तिला लावलं नाही. रविवारी अर्ज मागे घेतला. भिंत दुसऱ्या चित्रकाराला मिळाली आणि सोमवारी तिला चुना लागणार होता.

त्या सकाळी मी राहिलेले कुंचले आणायला गेलो तर भिंतीपाशी बायका जमलेल्या. मुलाकडे राहायला आलेली पुनावळ्याची एक म्हातारी ताट घेऊन पुढे होती. ताटात गहू, नारळ, खण. निघालेल्या बाईला रिकाम्या ओटीनं कसं पाठवायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. पण विधवेची ओटी भरत नाहीत आणि पाठमोऱ्या बाईचं कपाळ दिसत नाही. तिथं सगळ्या अडल्या होत्या.

म्हातारी सरळ माझ्याकडे आली. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

“तुजी आय सवाष्ण गेली का रं?”

मी होकाराची मान हलवली.

ती भिंतीशी वाकली आणि त्या झुकलेल्या खांद्याखाली ओटी ठेवली. “ये गं बाई,” म्हणाली, आणि मग बाजूला होऊन तिनं चुनेवाल्याला वाट करून दिली.