वासराची जागा

संग्रहालयात झाडलोट करणाऱ्या मावशींचा झाडू कधी थांबत नसे, आणि तोंड तर त्याहून नाही. या नोकरीआधी त्यांनी तीस वर्षं गाई पाळल्या होत्या. त्यामुळे प्राचीन घड्यावरच्या बैलापाशी उभ्या राहून त्या पाहुण्यांना खुशाल सांगत, "याचं पोट फुगलंय. चित्रकाराला दिसलं, मालकाला नाही दिसलं!" यावरून व्यवस्थापकांनी तंबी दिली : पुन्हा तोंड उघडलंत तर घरी बसा. घर त्याच पगारावर चालत होतं, म्हणून मावशी मूग गिळून बसल्या.

मग जोडकामाच्या खोलीत ती गाय आली. हजारो वर्षांपूर्वीचं दगडी शिल्प, तीन तुकड्यांत : मान खाली घातलेली गाय, तिची धार काढणारा माणूस आणि सुटं वासरू. मोडक्या मूर्ती सांधणाऱ्या साहेबांना सगळे हाडवैद्य म्हणत. त्यांनी वासरू त्या माणसाच्या पाठीमागे मांडलं आणि जोडायचा मसाला कालवायला घेतला. तो एकदा वाळला की सुटायचं नाव नाही.

मावशींनी एकच फरशी चारदा पुसली. शेवटी राहवेना.

"साहेब, वासरू तिथं नाही हो. आईच्या तोंडापुढं बांधतात. ती त्याला चाटते, तेव्हा कुठं पान्हा सोडते."

"अहो मावशी, ती चरतेय. नोंदीत तसंच आहे."

"चरतेय? मग गवताची एक काडी तरी कोरलीय का?"

"मावशी!" दारात व्यवस्थापक उभे होते.

 तरी मावशी म्हणाल्या, "काढा मला कामावरून. पण आधी ते वासरू उचला."

हाडवैद्यांनी उचललं. वासराच्या पाठीवर एक उंचवटा होता, कारागिराची चूक म्हणून नोंदलेला. गाईच्या तुटक्या तोंडाशी नेताच तो तिथं चपखल बसला. ती गाईची जीभ होती.

व्यवस्थापकांनी शिल्पाकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं. "फरशी झाली का पुसून?" एवढंच विचारून ते निघून गेले. म्हणजे नोकरी वाचली.

पण मावशींचे डोळे भरून आले होते. त्यांची शेवटची गाय घेणाऱ्याला वासरू नको होतं, आणि त्यांनी ते वेगळं विकलं होतं. गाय गाडीत चढेपर्यंत वळून वळून पाहत होती. हे त्यांनी कधी कुणापाशी काढलं नव्हतं.

मावशी दगडातल्या माणसाजवळ वाकल्या. "सगळं पिळू नकोस रे बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "एक सड तिच्या लेकराला ठेव."