माझ्यासाठी न थांबलेला फादर

धाकटा भाऊ फादर झाला आणि आमच्या वसईच्या घरात आईसुद्धा त्याला ‘अहो फादर’ म्हणू लागली. अबू धाबीजवळच्या मुसफ्फात वेल्डिंग करून ते घर बांधलं मी, पण मी तिच्यासाठी आपला ‘अरे विल्सन’च!

आफ्रिकेतल्या मिशनवर जाताना तो अबू धाबीत उतरला. मी म्हटलं, “रविवारी चर्चमध्ये पोरीचं पहिलं कम्युनियन आहे, थांब.”

“तिथे लोक वाट बघतायत,” म्हणाला आणि गेला.

पुढे तिथे यादवी पेटली. गावकऱ्यांना सोडून निघायला तो तयार होईना. बंदूकवाल्यांनी त्याला चर्चच्या दारातच गोळ्या घातल्या.

आता इथल्या चर्चमध्ये मिस्साला लोक माझे हात धरून म्हणतात, “धन्य तुमचे फादर!”

मी मान हलवतो, पण आतून जळतो. त्या गावकऱ्यांवर. त्यांनी एकदा ‘थांबा’ म्हटलं आणि तो थांबला.