मामांचा मागचा जिना

इमारतींवर चिडणारी माणसं मुंबईत गल्लोगल्ली सापडतील. पण इमारतीच्या वतीने चिडणारे एकच, आमच्या हिचे मामा. आयुष्य नायगावच्या बीडीडी चाळीत गेलं, आता टॉवरच्या अठराव्या मजल्यावर राहतात. तिथल्या लिफ्टशी भांडून उरलेला सगळा राग ते परळच्या जुन्या म्युनिसिपल कचेरीसाठी राखून ठेवतात. कचेरी बंद होऊन जमाना झाला. हिंदमाताला साडी घ्यायला मामांना बरोबर नेण्याचा गाढवपणा मी एकदा केला, तर मला दंडाला धरून त्यांनी थेट त्या कचेरीसमोर उभं केलं. मालाडचा पिवळा दगड, टोकदार कमानी, सागवानी कठडा, सभागृहाची रंगीत तावदानं! ऊन डोक्यावर, बायको दुकानात ताटकळत, आणि मामांचं चालूच. तेवढ्यात कोणीतरी खांबांना ऑइलपेंट फासलेला दिसला. "दगडाला रंग! अहो जावईबापू, हापूसला कोणी साखर लावून खातं का?" पेंट जणू मीच लावला होता!

यंदा तिथे संग्रहालय करायचं ठरलं. मामा खूश व्हायला हवेत ना? छे! पुढचा रुंद जिना पॉलिश करून ठेवणार होते, आणि मागचा गोल लोखंडी जिना तोडणार होते. तो सफाईवाल्यांचा. त्यांना पुढून यायची मुभाच नव्हती; मामांची आई डोक्यावर घाणीची टोपली घेऊन त्याच जिन्याने चढली-उतरली. "साहेबाचा जिना वारसा, आणि माझ्या आईचा भंगार?" असं गरजून मामा खालच्या पायरीवर ठाण मांडून बसले. चांगले तीन दिवस! मी डबा पोचवायचो, आणि खरं सांगतो, माझंही डोकं फिरलं होतं. घाण वाहताना चालला तो जिना आता डोळ्यांत खुपतो होय?

चौथ्या दिवशी तिथली आर्किटेक्ट आली, पोरसवदा मुलगी. मामांशेजारी पायरीवर बसली, सगळं ऐकून घेतलं. "काका, जिना राहील. इथे फलकही लावू. आईंचं नाव सांगा."

मामांनी ताठ मानेने सांगितलं.

"बरोबर अजून कोण असायच्या?"

"एक शांताबाई. आणि एक... मला रोज गुळाचा खडा द्यायची." मामा चष्मा पुसत राहिले. "नाव नाही आठवत गं पोरी. मी कधी विचारलंच नाही." जगावर भडकणारा माणूस पहिल्यांदाच स्वतःवर भडकलेला मी पाहिला.

फलकावर दोन नावं आहेत. तिसरी ओळ मामांनी कोरी ठेवायला लावली. चाळी पडल्या, माणसं पांगली; तरी नायगावचं कुणी म्हातारं भेटलं की मामा विचारतात, गूळ देणारी ती कोण होती? अजून कुणाला सांगता आलेलं नाही.