अर्ध्या तासाचा अमोनिया

ठाकुर्लीच्या चाळीत वाढलेली स्वप्ना विमानातून हवा मोजते, एवढं तिची आई रमाबाई कौतुकाने सांगायची. कशी मोजते, ते तिला सांगता यायचं नाही. विमानाच्या पोटातलं यंत्र जमिनीवरून वर येणारी उष्णता तपासतं. प्रत्येक वायू त्या उष्णतेतला आपला ठरलेला भाग शोषतो. त्यावरून वायू कोणता आणि किती ते कळतं. मात्र दर पाच मिनिटांनी यंत्राचा आरसा आत वळवून त्याला ठरावीक तापमानाच्या दोन काळ्या पाट्या दाखवाव्या लागतात. नाहीतर आकड्याला अर्थ नाही. चौदा वर्षांत स्वप्नाने हे कधी चुकवलं नव्हतं.

डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यांवरून उडायची परवानगी आठ महिन्यांनी मिळाली, तीही एका सकाळपुरती. शुक्रवारी त्या कारखान्यांविरुद्ध चाळीने केलेल्या तक्रारीची सुनावणी होती. रमाबाईला दोन वर्षं धड श्वास घेता येत नव्हता.

त्या सकाळी अमोनियाचा लोट थेट चाळीवर आलेला पडद्यावर दिसला. पाट्यांची वेळ झाली. आरसा वळला तर तेवढा लोट हुकणार. स्वप्नाने आरसा थांबवला. पुढच्या खेपेलाही थांबवला. असा अर्धा तास गेला आणि तेवढ्यात यंत्र तापून त्याचं माप सरकलं.

ठाण्याच्या ऑफिसात तिचे वरिष्ठ श्रीपाद सर यांनी कागद पुढे सरकवला. "किती आहे?"

"उडण्याआधीच्या पाट्या धरल्या तर मर्यादेच्या तिप्पट."

"आणि उतरल्यावरच्या?"

"मर्यादेच्या आत."

"मग कारखान्यांचा वकील कुठल्या धरेल?"

"सर, पुन्हा उडता येईल?"

"शुक्रवारच्या आत? परवानगी काय खिशात घेऊन फिरतो मी?"

ती जागेवर येते न येते तोच आईचा फोन. बोलत होत्या शेजारच्या रंगूबाई. "काय गं विमानवाली, आला का आकडा? शुक्रवारी आम्ही सगळ्या येतोय हां."

"नाही आला, मावशी."

"मशीन बिघडलं?"

"मशीन चांगलं होतं. मी चुकले. आपल्या चाळीवरून जाताना."

रंगूबाई म्हणाल्या, "मग टाक की वाट्टेल तो. ते कारखानेवाले नाही टाकत खोटे?"

"तिला नको शिकवूस," रमाबाई मागून म्हणाली, आणि खोकायला लागली. थांबेचना. रंगूबाई पाणी आणायला धावल्या. फोन तसाच चालू राहिला.

स्वप्नाने तो कानाशी धरून ठेवला आणि दुसऱ्या हाताने अहवालात त्या अर्ध्या तासापुढे टाइप केलं : ग्राह्य नाही.