जखम भरायची नाही

आमच्या परळच्या प्रयोगशाळेत एका प्रयोगाला आम्ही सरळ ‘जखम’ म्हणतो. बशीत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी दाट वाढवायच्या, मधोमध एक चरा ओढायचा आणि बघत बसायचं. दोन्ही काठांवरच्या पेशी सरकत येतात, जागा भरून काढतात. शरीरात त्या पसरतात, त्याचीच ही छोटी आवृत्ती. जखम भरली की आमची तोंडं पडतात, नाही भरली की पेढे. ही उलटी भाषा मला इतकी वर्षं कधी खटकली नव्हती.

धाकट्या बहिणीचा स्तन काढला तेव्हा रजा टाकून मी नायगावला तिच्या चाळीतल्या खोलीवर राहायला गेले. ती पोलिसात. शुगरपायी टाके उसवले, पू धरला. डॉक्टर म्हणाले, जखम भरल्याशिवाय केमो नाही. मी रोज ड्रेसिंग करायचे आणि मनातल्या मनात त्या शुगरला, डॉक्टरांना, माझ्या पीएचडीला शिव्या घालायचे. शरीरात एखादी पेशी उरलीच असेल तर ती या दिवसांत काय करत असेल, हे त्या घरात मला एकटीलाच ठाऊक होतं.

अशात एका दुपारी प्रयोगशाळेतल्या माझ्या ज्युनिअरचा फोन आला. माझे हात ड्रेसिंगमध्ये, म्हणून बहिणीनेच स्पीकर लावला.

“मॅडम, जखम भरतच नाहीये! एकदम मस्त! पार्टी पायजे!”

बहिणीचा चेहरा मला बघवेना. फोन बंद करायला लावून मी सगळं समजावलं. बशी, चरा आणि त्या पेशींमधलं एक जनुक. त्याच्या जोरावर पेशी वाढतात, जागा सोडून निघतात. आम्ही तेच बंद पाडलं होतं.

“मग माझं पण बंद कर ना, ताई.”

“बशीत जमतं गं. माणसात अजून नाही. वर्षं लागतील.”

“मग पार्टी कसली मागतोय तो?”

मला राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना.

जखम भरली, पण फार उशिरा. केमोआधीच्या स्कॅनमध्ये यकृतावर डाग निघाले. पहिलं सलाईन चढत होतं तेव्हा ती ड्युटी लावून द्यावी तशा आवाजात म्हणाली, “लागू देत तुमची वर्षं. माझी पोरगी आत्ताशी कॉलेजात आहे. तिच्या टायमाला तयार ठेवा.”

स्वतःला तिने हिशेबातून काढूनच टाकलं होतं. मी हो म्हणाले.